कोल्हापूरचं पर्यटन आणि मोरीवरची माणसं

२०२५ या एका वर्षात कोल्हापूरच्या पर्यटनाला बळ देणाऱ्या तीन गोष्टी घडल्या. मे महिन्यात चोंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिराच्या सुमारे १,४४५ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मंजुरी मिळाली. जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात आपला पन्हाळा आला. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांतले वकील, पक्षकार इथं मुक्कामाला येऊ लागले. तेव्हापासून गावात जो वाद चालला आहे तो मला दोन्ही अंगांनी अपुरा वाटतो. एक बाजू म्हणते, खोल्या वाढवा, पार्किंग वाढवा, रस्ते रुंद करा, माणूस आला की पैसा येतो. दुसरी बाजू म्हणते, पंचगंगा नदीला आधीच सोसवेना, रंकाळा तलावाची दशा पाहा, गल्लीबोळात गाड्या मावत नाहीत, हे शाश्वत पर्यटन नव्हे. दोन्हींकडे तळमळ आहे, आकडे आहेत, नकाशे आहेत. पण येणाऱ्या माणसाला ताट कोण वाढणार, त्याची चादर कोण बदलणार आणि त्याचं खरकटं कोण उचलणार, याबद्दल दोन्हींकडे अवाक्षर नाही.

ही माणसं चर्चेत येतात ती एकाच वाक्यात: ‘हल्ली हॉटेलला पोरं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत.’ हे वाक्य प्रत्येक हॉटेलमालकाच्या तोंडी आहे आणि ते खोटं नाही. त्याच्या पुढचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. पोरं आळशी झाली, मोबाईलनं बिघडली, रेशनच्या धान्यानं बसून खायला शिकली, असं सांगून विषय मिटवला जातो. माझं म्हणणं असं की हॉटेलातल्या कामगाराला मिळणारी वागणूक हा शाश्वत पर्यटनाचा पायाच आहे. त्याला वेगळा, नंतर बघू अशा कामगार-कल्याणाच्या खात्यात टाकता येणार नाही. ज्या हॉटेलात माणूस तीन महिनेही राहत नाही तिथं पाणी वाचणार नाही, कचरा वेगळा होणार नाही, अन्नाची नासाडी थांबणार नाही. पर्यावरणाची सगळी कामं शेवटी सर्वांत कमी पगाराच्या हातांनी होतात.

रात्री साडेअकराच्या सुमारास एखाद्या चालत्या खानावळीच्या मागच्या बाजूला उभं राहून पाहावं. पुढं स्टीलच्या स्टँडवर हिरवा आणि निळा असे दोन डबे असतात, तपासणीला कोणी आलं तर दाखवायला. मागं मोरीवर तांबड्या रश्श्याच्या वाट्यांची चळत लागलेली असते. घासणारी बाई किंवा पोरगा तासन्‌तास ओल्यात उभा. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या असतात, कारण गमबूट एकच आणि तोही दुसऱ्याच्या मापाचा. ताट हातात आलं की उरलेला भात, हाडं, लिंबाची फोड, टिश्यू पेपर आणि पाण्याच्या बाटलीचं टोपण हे सगळं त्याला क्षणात वेगळं करायचं असतं. मागून ‘आटप, ताटं संपली’ अशी हाक आलेली असते. तो सगळं एकाच बादलीत लोटतो. कोणीही लोटेल. दिवसाला शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या आस्थापनांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट स्वतः लावावी, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं. पण नियमाची अंमलबजावणी त्या बादलीपाशी ठरते आणि बादलीपाशी उभा असलेला माणूस गेल्या आठवड्यात आलेला असतो, पुढच्या महिन्यात जाणार असतो. त्याला हे कोणी शिकवलेलं नसतं. शिकवायचं तरी कशाला, असं मालकालाही वाटतं, कारण शिकवून तयार केलेला माणूस दुसऱ्या हॉटेलात जातो.

त्या मोरीवरच्या माणसाला आणखी एक गोष्ट माहीत असते, ती गल्ल्यावर बसणाऱ्याला माहीत नसते. रस्सा किती वाया जातो ते. ‘तांबडा-पांढरा अनलिमिटेड’ ही आपल्या गावच्या पाहुणचाराची खूण झाली आहे, मला तिचा अभिमान आहे. पण बाहेरून आलेला पाहुणा हौसेनं चार वाट्या घेतो आणि दोन सोडतो. कोणत्या दिवशी, कोणत्या गिऱ्हाइकाच्या पानात किती उरतं, वाटी लहान केली तर काय होईल, आधी अर्धी वाढावी का, याचं उत्तर मोरीवर असतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं आचारी, वाढपी आणि भांडी घासणारी मावशी यांना एकत्र बसवून विचारणारा मालक मसाल्याचा, मटणाचा आणि गॅसचा खर्च वाचवील. किती जण विचारतात? ज्याला दिवसभर ‘ए’ म्हणून हाक मारली त्याच्याकडून सल्ला घ्यायची सवय कुणाला लागणार?

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते हलके नाहीत. पहिला मुद्दा धंद्याच्या स्वरूपाचा. नवरात्र, दिवाळीची सुट्टी, मे महिना, शनिवार-रविवार हे कमाईचे दिवस. बाकी दिवस खोल्या रिकाम्या. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की बुकिंग रद्द व्हायला लागतात आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की गावच पाण्याकडं डोळे लावून बसतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात महामार्गच बंद पडला, मध्ये कोरोनाची टाळेबंदी. ज्यानं कर्ज काढून हॉटेल उभारलं त्यानं या वर्षांत काय सोसलं हे नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय आपल्याकडची बरीचशी खानावळ म्हणजे घरच असतं. मालक पहाटे मंडईत, दुपारी गल्ल्यावर, रात्री शटर ओढायला. त्याची बायको भटारखान्यात. जो स्वतः चौदा तास राबतो त्याला ‘तू कामगाराला राबवतोस’ असं म्हणणं त्याच्या जिव्हारी लागणारच.

पण धोका आणि मेहनत सारखी असली तरी फळ सारखं असतं का? मालक चौदा तास राबतो ते स्वतःच्या नावावरच्या धंद्यासाठी. जागेचा भाव वाढतो तो त्याचा, नाव होतं ते त्याचं, मुलगा पुढं गल्ल्यावर बसतो तोही त्याचाच. पूर आला तर त्याच्याकडं विमा, बँक, ओळखीपाळखी, काहीतरी आधार असतो. मोरीवरच्या माणसाचा पगार त्याच दिवशी थांबतो. धंद्यातली सगळी अनिश्चितता खाली ढकलत नेली की ती ज्याच्यापाशी येऊन थांबते त्याच्याकडं ती सोसण्याचं काहीच साधन नसतं. २०२० मध्ये हेच झालं. टाळेबंदीत हॉटेलं बंद पडली, माणसं गावाला गेली आणि हॉटेलं उघडल्यावर त्यातली कित्येक परत आलीच नाहीत. तेव्हापासून ‘पोरं मिळत नाहीत’ ही तक्रार जास्त मोठ्यानं ऐकू येते. पोरांनी त्या काही महिन्यांत एक गोष्ट समजून घेतली होती: अडचणीच्या वेळी इथं आपलं कोणी नाही.

परवडत नाही, हा दुसरा मुद्दा, आणि तो आकड्यानंच तपासावा. समजा, एका खानावळीत रोज बारा माणसं कामावर लागतात आणि दिवसाला दोनशे ताटं जातात. प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी द्यायची तर बाराच्या जागी चौदा माणसं ठेवावी लागतील. पगार, जेवण, राहणं धरून एका माणसाचे महिन्याला वीस हजार धरले तर दोन माणसांचे चाळीस हजार. महिन्याची ताटं सहा हजार. ताटामागं सात रुपयेही होत नाहीत. मटणाच्या ताटाचा भाव मटण महागलं की एका रात्रीत याच्या कितीतरी पट वाढतो आणि गिऱ्हाईक कुरकुरून का होईना, देतं. राज्य कामगार विम्याचं गणितही असंच आहे. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. पंधरा हजारांच्या पगारावर दोघांचे मिळून सहाशे रुपये, आणि त्यात त्याच्या घरच्यांचंही औषधपाणी. भाजलेल्या हाताला हळद लावून उद्या कामावर ये म्हणायचं, का त्याला दवाखान्यात पाठवायचं, एवढाच हा प्रश्न आहे. लहान हॉटेलाला हे सात रुपयेही जड जातात हे मी मान्य करतो. पण ज्यांना जड जात नाहीत, ज्यांच्या दारात रविवारी तासभर वेटिंग असतं, त्यांच्याकडं तरी साप्ताहिक सुट्टी कुठं आहे?

तिसरा मुद्दा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. तो असा की कामगारालाच जास्त तास हवे असतात. नेपाळमधून, उत्तर प्रदेशातून, ओडिशातून, नाहीतर चंदगड-आजऱ्याच्या वाडीवरून आलेल्या पोराला इथं सुट्टी घेऊन करायचं काय? त्याला उचल फेडायची आहे, घरी पैसे धाडायचे आहेत, शिमग्याला नाहीतर दिवाळीला महिनाभर गावी जायचं आहे. जेवण-राहणं हॉटेलातच, म्हणजे पगार शिल्लक. हे खरं आहे आणि शहरात बसून त्याच्या वतीनं आठ तासांचा आग्रह धरणाऱ्यांनी हे ऐकलं पाहिजे. पण तो ज्याला ‘राहणं’ म्हणतो ते काय असतं? शटर पडल्यावर टेबलं जोडून केलेला बिछाना, नाहीतर गच्चीवरचा पत्रा. दुपारी चार ते सात काम नसतं तेव्हा आडवं व्हायला जागा नाही म्हणून तो जिन्यात बसतो. सकाळी अकरा ते रात्री साडेअकरा या वेळातले दुपारचे तीन तास मालकाच्या हिशेबी विश्रांतीचे, प्रत्यक्षात नुसते ताटकळण्याचे. जादा तास हवे असणं वेगळं आणि जादा तासांचा दुप्पट मोबदला न मिळणं वेगळं. कायद्यानं तो दुप्पट आहे. किती जणांना मिळतो, किती जणांना आपला पगार कोणत्या हिशेबानं ठरतो याचा कागद तरी मिळतो?

‘त्यांनाच हवं आहे’ हा युक्तिवाद आपण पूर्वीही ऐकला आहे. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यांवर आणि घरकामाला ठेवायला देशभर बंदी आली. तेव्हाही म्हणत होते की गरिबाचं पोर उपाशी मरेल, आम्ही तर त्याला दोन वेळचं जेवण देतो, घरच्यासारखा वाढवतो, आणि टेबल पुसायला पोऱ्या नसेल तर चहाचं दुकान चालणार कसं? चहाची दुकानं बंद पडली नाहीत. कायद्यानं सगळं साधलं असं नाही, पळवाटा राहिल्या. पण आज एखाद्या हॉटेलात आठ वर्षांचं पोर फडकं मारताना दिसलं तर गिऱ्हाईक कप खाली ठेवतं. ज्या गोष्टीशिवाय धंदा चालणार नाही असं वाटत होतं तीच गोष्ट बघवत नाहीशी झाली. आपली नजर बदलू शकते, हे मला या उदाहरणातून महत्त्वाचं वाटतं.

आता कायदा मात्र उलट्या दिशेनं निघाला आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बदल करायला सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून दहा तास आणि कायदा लागू होण्याची अट दहा कामगारांवरून वीस कामगारांवर. तासांवर पुष्कळ चर्चा झाली, विसाच्या अटीवर फार कमी. कोल्हापूरच्या संदर्भात खरी मेख तिथं आहे. वीसपेक्षा कमी माणसांवर चालणारी खानावळ, मिसळीचं दुकान, स्टँडजवळचा लॉज, पन्हाळ्याच्या वाटेवरचा ढाबा, हेच तर आपलं बहुतांश पर्यटन. तपासनीसांच्या जाचाची भीती खोटी नाही. फाईल अडवून पैसे मागणारा माणूस छोट्या मालकाला परवडत नाही, म्हणून सवलत हवी असं उद्योगाचं म्हणणं. मग तपासणीची पद्धत सुधारावी, कामगाराला कायद्याबाहेर का काढावं? एकोणिसाव्या कामगाराला झोप कमी लागते का?

या वादात एक खास आपला, कोल्हापुरी मुद्दा येतो. आपली भाषा रांगडी, शिवी आपल्या तोंडी लाडाची, मनात काही नसतं, बाहेरच्यांनी त्याचा बाऊ करू नये. मला ही भाषा प्रिय आहे. तालमीत, कट्ट्यावर, रंकाळ्यावर दोन दोस्त एकमेकांना शिव्या घालतात त्यात माया असते, कारण त्या दोन्हीकडून येतात. हॉटेलात मालक आचाऱ्याला घालतो, आचारी वाढप्याला, वाढपी पोऱ्याला. उलट्या दिशेनं एकही जात नाही. ज्या दिवशी भर गर्दीत एखादा पोऱ्या मालकाला त्याच रांगड्या भाषेत उत्तर देईल आणि मालक हसून त्याच्या खांद्यावर हात टाकेल, त्या दिवशी मी मानेन की ही नुसती बोलीची ढब आहे. तोवर तो अपमानच. आणि तो गिऱ्हाइकाच्या देखत होतो. लेकराबाळांसह जेवायला आलेलं कुटुंब ते ऐकत असतं, आपल्या गावाची तीच आठवण घेऊन जातं. कित्येकदा गिऱ्हाईकच शिवी देणारं असतं. भाकरी यायला पाच मिनिटं उशीर झाला की पोराच्या आईचा उद्धार होतो आणि गल्ल्यावरून मालक म्हणतो, ‘जाऊ दे, कस्टमर आहे.’ मालकानं फक्त एवढं म्हटलं की ‘साहेब, आमच्या माणसाशी असं बोलायचं नाही’, तर ते पोर त्याच्याकडं पाच वर्षं राहील.

बायकांच्या बाबतीत हे अपमानावर थांबत नाही. लॉजवर खोल्या साफ करणारी बाई बंद दाराआड एकटी जाते, कधीकधी आत पाहुणा असताना. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मालकाचं कर्तव्य स्पष्ट लिहिलं आहे: कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही तिला सुरक्षित ठेवायचं. म्हणजे गिऱ्हाइकाचं वागणं हा मालकाच्या जबाबदारीचा भाग आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करता येते. पण अशी समिती असते हे खोल्या झाडणाऱ्या बाईला सांगणार कोण? पाहुणा आत असताना खोलीत जायचं नाही, गेलंच तर दोघींनी जायचं आणि दार उघडं ठेवायचं, हा नियम करायला एक पैसा लागत नाही. समितीचा पत्ता मराठी, हिंदी आणि कानडीत लिहून कामगारांच्या जेवायच्या जागी चिकटवायलाही नाही. नवीन लॉजला परवाना देताना अग्निशमनाचं बघतात तसं हे का बघू नये?

चुलीवरच्या जेवणाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथं पर्यावरण आणि कामगार एकाच जागी येऊन बसतात. महामार्गावर, पन्हाळ्याच्या रस्त्याला ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या लागल्या आहेत. लोकांना ते गावाकडचं, अस्सल, निसर्गाच्या जवळचं वाटतं. १ मे २०१६ रोजी देशानं उज्ज्वला योजना सुरू केली ती बायकांच्या फुफ्फुसातला धूर काढण्यासाठी. आणि आपण तोच धूर जेवणाचं आकर्षण म्हणून परत आणला. घरच्या चुलीवर वीस भाकरी होत असतील. हॉटेलातल्या चुलीपुढं बसलेली बाई दुपार-संध्याकाळ मिळून शेकड्यानं थापते. काचेपलीकडून पाहुणे फोटो काढतात, तिचे डोळे लाल असतात ते त्या फोटोत दिसत नाहीत. वर धुरांडं नीट नाही, पंखा लावला तर जाळ विझतो. लाकूड कुठून येतं हेही कोणी विचारत नाही. चूल बंद करा असं मी म्हणत नाही. भाकरीला चुलीची चव वेगळी असते हे मलाही कळतं. पण धूर बाहेर नेणारं धुरांडं, तासाला बदलणारी माणसं आणि त्या कौशल्याला आचाऱ्याइतका पगार, एवढं नसेल तर त्या पाटीवरचा ‘अस्सल’ हा शब्द त्या बाईच्या श्वासावर उभा आहे. भाकरी थापणं हे कौशल्य नाही, ते बायकांना येतंच, ही समजूत आधी गेली पाहिजे.

हे सगळं समाज बदलेल तेव्हा हळूहळू होईल, हॉटेल हे समाज बदलायचं ठिकाण नव्हे, असंही म्हणणारे आहेत. त्यांनी हे निदान कोल्हापुरात म्हणू नये. संस्थानच्या नोकरीतल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली, तेव्हा राजर्षी शाहूंनी मारणाऱ्यांना शासन केलंच, शिवाय गंगाराम यांना भांडवल देऊन हॉटेल काढायला लावलं. गावात चर्चा सुरू झाली की तिथला चहा कोण पिणार? महाराज आपली घोडागाडी, म्हणजे खडखडा, हॉटेलपुढं थांबवून स्वतः चहा प्यायले आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजला. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढणाऱ्या राजानं पुढं हॉटेलच का निवडलं? कारण कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाला कोणत्या भाषेत हाक मारायची हे तिथं रोज, सर्वांदेखत ठरतं. आजही संडास कोण धुतो, भांड्यांना कोण असतं, आचारी कोण होतो आणि गल्ल्यावर कोण बसतो, याची जातवार यादी कुठल्याही गावातल्या हॉटेलात डोळ्यांनी करता येते. आपण पर्यटकांना शाहूंचा नवा राजवाडा दाखवतो. त्यांनी हॉटेलात केलेलं काम आपल्या हॉटेलांत पुढं न्यायला नको का?

दुसरी उदाहरणंही दूरची नाहीत. मुंबईत उडप्यांच्या हॉटेलांत काम करणारी दक्षिण कॅनरातली पोरं कानडी रात्रशाळांत शिकली, त्यातली कित्येक पुढं स्वतः मालक झाली. दिवसा कप विसळणाऱ्याला संध्याकाळी वही घेऊन जायला मोकळं सोडणारे मालक होते म्हणून त्या शाळा चालल्या. १९५७ मध्ये कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाऊसेस बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. पासष्टहून जास्त वर्षं उलटली, केरळात इंडियन कॉफी हाऊस अजून चालू आहे, तेही स्वस्त दरात आणि डोक्यावर तुरा असलेल्या त्याच पोशाखात. मालक नसेल तर हॉटेलात शिस्त राहत नाही म्हणणाऱ्यांनी तिथं एकदा नाश्ता करून यावं. केरळातच कुमारकोममध्ये २००८ पासून जबाबदार पर्यटनाचा जो प्रयोग झाला त्यात कुटुंबश्री या केरळ सरकारच्या योजनेतल्या महिला गटांनी स्थानिक भाजीपाला हॉटेलांना पुरवायला सुरुवात केली. गावाचा पैसा गावात राहिला.

आपल्याकडं तर सहकार रक्तात आहे. ऊस सहकारात, दूध सहकारात. १९६३ साली स्थापन झालेला जिल्हा दूध संघ म्हशीच्या एका लिटरचाही हिशेब लावतो. मग आचारी, वाढपी, भाकरी थापणाऱ्या आणि खोल्या आवरणाऱ्यांची सहकारी संस्था का निघू नये? हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली आपली पोरं गोव्याला, आखातात, बोटीवर जातात. त्यांच्यातल्या चौघांना इथं सन्मानानं उभं राहायला जागा मिळाली तर ती थांबतील.

जागा देण्याची संधी समोर आहे. मंदिर परिसराच्या आराखड्यात पार्किंग, दर्शनमंडप, दुकानगाळे यांचं बोलणं होतं. पर्यटनस्थळ किती माणसं पेलू शकतं याचा हिशेब आपण कास पठारावर करायला शिकलो, तिथं रोजची संख्या बांधून दिली. इथं गर्दी बांधून देणं अवघड आहे, देवीच्या दारातून कोणाला परत पाठवणार? पण ती गर्दी पेलणाऱ्या हातांचा हिशेब तरी करता येईल. या परिसरातल्या हॉटेल-लॉज-दुकानांतल्या कामगारांसाठी पुरुषांचं आणि बायकांचं वेगळं वसतिगृह, दुपारी पाठ टेकायला विश्रांतीची खोली, अंघोळीची सोय आणि त्यांच्यासाठी खुली असलेली स्वच्छतागृहं आराखड्यात धरली पाहिजेत. छोट्या मालकाला कामगार ठेवायला जागा नाही ही अडचण खरी आहे आणि ती एकट्यानं सुटणारी नाही. ती सोडवणं हे सार्वजनिक पैशाचं काम आहे. जे नवे गाळे निघतील त्यातला एक तरी गाळा कामगारांच्या संस्थेच्या खानावळीसाठी राखून ठेवावा, आणि बाकीच्यांच्या भाडेकरारात साप्ताहिक सुट्टी, पगाराची पावती आणि कामगार विमा या तीन अटी घालाव्यात. करार अजून व्हायचे आहेत तोवरच या अटी घालता येतील. एकदा गाळे वाटून झाले की पुढची तीस वर्षं फक्त भाड्याचीच भाषा चालेल.